राजकीय घोटाळ्यात साक्ष देण्यापेक्षा कुणी जेलमध्ये जाणं का पसंत करेल?

लपवायचं काही नसेल तर सांगून मोकळं व्हावं ना, असं तुम्ही विचारलंय. अमेरिकेतली सुझन मॅकडूगलची केस वाचल्यापासून मला ते इतकं सरळ वाटत नाही.

व्हाइटवॉटर हा आर्कान्सामधला जमिनीचा व्यवहार, त्यात ती आणि तिचा तेव्हाचा नवरा जिम हे क्लिंटन दांपत्याचे पार्टनर. 1996 च्या मे महिन्यात 3 लाख डॉलरच्या एका कर्जाच्या फसवणुकीत ती स्वतः दोषी ठरली, म्हणजे धुतल्या तांदळासारखी नव्हतीच. मग सप्टेंबरमध्ये या प्रकरणाचा तपास करणारा स्वतंत्र सरकारी वकील केनेथ स्टार याच्या टीमने तिला ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, बोलावलं आणि विचारलं की तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांना या कर्जाबद्दल माहिती होती का, ते कोर्टात खरं बोलले का. ती गप्प. इम्युनिटी, म्हणजे तिची साक्ष तिच्याविरुद्ध वापरणार नाही अशी हमी, दिलेली असल्यामुळे स्वतःविरुद्ध बोलणार नाही हेही म्हणता येईना, मग कोर्टाच्या अवमानाखाली थेट आत.

तिचं म्हणणं असं की ते कर्ज देणारा डेव्हिड हेल आणि जिम यांनी क्लिंटनना गुंतवणारी गोष्ट आधीच सरकारी वकिलांना सांगितलीय, आता मी खरं बोलले आणि ते त्यांच्या गोष्टीशी जुळलं नाही तर खोटी साक्ष दिली म्हणून माझ्यावरच नवी केस, आणि जुळवून घेतलं तर मी खरोखरच खोटं बोलले. इकडे आड तिकडे विहीर. माझ्या मते हे कारण पोकळ नाही, कारण कुणाचं खरं मानायचं हे समोरच्याने आधीच ठरवलं असेल तर इम्युनिटी कामाची नाही, ती खोट्या साक्षीच्या केसपासून वाचवतच नाही.

आणि ही कैद शिक्षा म्हणून नसते, दबाव म्हणून असते, ज्या दिवशी तोंड उघडाल त्या दिवशी बाहेर. तिने कमाल मुदत, म्हणजे पूर्ण 18 महिने काढले आणि फसवणुकीची शिक्षा त्यानंतर सुरू झाली. हे मला फार अस्वस्थ करतं.

सगळ्यांचं कारण हेच असतं असं नाही. वॉटरगेट या निक्सन यांच्या काळातल्या घोटाळ्यातला गॉर्डन लिडी आपल्या माणसांशी निष्ठा म्हणून गप्प राहिला, 2005 मध्ये पत्रकार ज्युडिथ मिलर सोर्सचं नाव सांगायचं नाही म्हणून 85 दिवस आत होती.

सुझन क्लिंटनना वाचवत होती असं लोक म्हणतात, आणि 2001 मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडता सोडता त्यांनी तिला माफी दिल्यामुळे संशय वाढणारच. पण त्याआधी 1999 मध्ये साक्ष न दिल्यावरून तिच्यावर खटला चालला तेव्हा ती साक्षीला उभी राहिली आणि बोलली, ज्युरीने न्यायात अडथळा आणल्याच्या आरोपातून तिला सोडलं आणि अवमानाच्या आरोपांवर त्यांचं एकमत झालंच नाही.