वजन उतरलं, मग अंगात जोर का नाही?

"मॅडम, एकतीस किलो उतरले. पण दोन जिने चढले की पायरीवरच बसावंसं वाटतं. जाडी होते तेव्हाच बरी होते म्हणायची!"

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेली माणसं माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येतात तेव्हा थोड्याफार फरकाने हेच म्हणतात. आरशात फरक दिसतो, साखर आटोक्यात येते, जुने कपडे ढगळ होतात आणि तरी दुपारी बारापर्यंत माणूस गळून जातो. मग मनात येतं, आपण चूक तर केली नाही? हा प्रश्न पडलेल्यांसाठी शैलाताईंची हकीकत सांगते. त्यांच्या परवानगीने, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून. यात माझीही एक चूक आहे, ती पुढे येईलच.

शैलाताई 44 वर्षांच्या. डोंबिवलीत त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला कणीक भिजते, हाताखाली दोन बायका, सकाळच्या पाळीला साडेतीनशे पोळ्या, दोन भाज्या आणि वरण. सणावाराला पुरणपोळी आणि बासुंदीच्या ऑर्डरी वेगळ्या. वजन 112 किलोवर गेलेलं, सोबत मधुमेह आणि छातीत जळजळ करणारं पित्त. म्हणून सर्जननी बायपास सुचवला. या ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा छोटासा भाग वेगळा करून त्याची पिशवी करतात. सुरुवातीला तिच्यात जेमतेम 30 मिलिलिटर मावतं, म्हणजे दोन मोठे चमचे. ती पिशवी लहान आतड्याला थोडं पुढे जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जातं.

आठ महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा वजन 81 होतं. मुलीने बळेच आणलं होतं. "आई बोलत नाही, चिडते, नाहीतर रडते," एवढंच सांगून ती बाहेर जाऊन बसली.

पहिल्या भेटीत जे बाहेर आलं ते समुपदेशकाला भुरळ घालणारंच होतं. ऑपरेशनचं त्यांनी घरच्या चौघांखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं. सासरी "हर्नियाचं होतं" म्हणून सांगितलेलं, गिऱ्हाइकांना "चालायला जाते हो रोज." त्यावर लोक काय म्हणायचे? अर्धे म्हणायचे, "वा, सांगा ना आम्हाला काय करता." उरलेले आवाज खाली आणून विचारायचे, "तब्येत बरी आहे ना? सगळ्या टेस्ट केल्यात ना?" आपल्याकडे बाई झरझर वाळली की लोकांच्या मनात आधी आजार येतो. पुतणीच्या लग्नात पंगतीला बसल्या, वाढणाऱ्याला नको कसं म्हणायचं म्हणून मसालेभात आणि दोन घास जिलबी घेतली आणि मागच्या बाजूला जाऊन ओकल्या. तोंड धुऊन परत येऊन पुन्हा पंगतीत बसल्या. हे सांगताना त्या हसत होत्या.

मला वाटलं, चित्र स्पष्ट आहे. लपवण्याचा ताण, खाण्याशी असलेलं जन्माचं नातं तुटल्याचं दुःख, अनोळखी झालेलं स्वतःचं शरीर. हे सगळं खरंही होतं. मी दोन भेटी त्यावरच घालवल्या. वहीत लिहायला सांगितलं, श्वासाचा व्यायाम दिला. त्या शिस्तीने करत होत्या आणि थकवा तसूभरही हलत नव्हता.

तिसऱ्या भेटीला त्या स्टीलचा एक डबा घेऊन आल्या. मे महिना होता. बोलता बोलता डबा उघडून आतला बर्फाचा खडा तोंडात टाकायच्या आणि कडाकडा चावायच्या. मी गमतीत म्हटलं, "उकडतंय ना फार?"

"उकडण्याचं नाही हो. दोन महिने झाले, मला बर्फ लागतोच. रात्री उठून खाते. मुलगी ओरडते, दात जातील म्हणून. फ्रिजमध्ये चार ट्रे लावलेत."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे दिवा लागला. बर्फ चावत राहण्याची अशी अनावर ओढ शरीरातलं लोह फार कमी झाल्याची खूण असू शकते. लहान मुलं माती किंवा पाटीवरची पेन्सिल खातात, त्यातलाच हा प्रकार. मी त्यांना खालची पापणी ओढून दाखवायला सांगितलं. मी डॉक्टर नाही, पण आत गुलाबी दिसायला हवं होतं तिथे जवळजवळ पांढरं होतं एवढं मलाही कळलं.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"त्या होय? चौथ्या महिन्यात संपल्या. हे म्हणाले, आता वजन उतरतंय ना, मग कशाला."

त्या दिवशी मी पुढे काहीच समुपदेशन केलं नाही. सर्जनच्या टीमला फोन लावला, दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन 8.3, जे बाईमाणसाला किमान 12 तरी हवं. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला. बी-12 कमी, ड जीवनसत्त्वही कमी. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर पाळीत भरपूर जात होतं ते वेगळंच.

पहिल्याच दिवशी "शेवटचं रक्त कधी तपासलं?" हा प्रश्न मी विचारायला हवा होता. आता तो माझ्या कागदावर सगळ्यात वर छापलेला आहे. ऑपरेशन झालेला माणूस थकलाय म्हणाला की मनात शिरण्याआधी मी त्याला प्रयोगशाळेत धाडते.

बायपासनंतर हे होतं कसं, ते समजलं तर गोळ्या थांबवायचा मोह होत नाही. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि नेमका तोच भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला गेलेला असतो. लोह शोषायला जठरातलं आम्लही लागतं, तेही त्या छोट्या पिशवीत फारसं नसतं. बी-12 ची अडचण अशीच. म्हणून या गोळ्या वजन उतरेपर्यंतच्या नसतात, जन्मभराच्या असतात. ज्यांची स्लीव्ह होते, म्हणजे जठराचा बराचसा भाग कापून काढतात, त्यांनाही हे चुकत नाही. गोळ्या चालू होत्या तेव्हाही शैलाताई त्या घ्यायच्या कशा, तर लोह आणि कॅल्शियम एकत्र, सकाळच्या चहाबरोबर. कॅल्शियम लोहाला अडवतं, चहाही अडवतो. दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं आणि चहा दोन्हींपासून लांब. हे त्यांच्या फाइलमध्ये छापलेलं होतं. डिस्चार्जच्या धांदलीत ती फाइल कुणी वाचली होती?

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती थांबण्यासारखी नाही. ऑपरेशननंतर वारंवार उलट्या होत असतील आणि त्यात हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं यातलं काही सुरू झालं, तर समुपदेशक, घरगुती उपाय, सोमवारची वेळ, काही बघू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बी-1 जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते आणि तिचे परिणाम कायमचे राहू शकतात.

शैलाताईंना लोह शिरेतून दिलं, बी-12 ची इंजेक्शनं सुरू झाली. बर्फाची ओढ आश्चर्य वाटावं इतक्या लवकर गेली. जिना महिन्या-दीड महिन्यात सोपा झाला. पण सकाळी साडेदहा-अकराला पाय लटपटणं काही जाईना. तेव्हा मी त्यांना एका दिवसाचा हिशेब मागितला: कितीला काय खाल्लं, घड्याळाप्रमाणे.

पहाटे साडेचारला चहा. सातला चहा. अकराला, डबे गेल्यावर, अर्धी पोळी आणि भाजी, उभ्यानेच. तीनला "नीट जेवण", म्हणजे चार घास आमटी-भात. रात्री आठला मुलीने पुढे केलं तर काहीतरी. गुरुवारी उपास.

"आधीही असंच होतं?"

"आधीपासूनच. सगळ्यांचं झाल्यावर आपण. फक्त तेव्हा तीनला बसले की तीन पोळ्या, भात, सगळं व्हायचं. दिवसभराचं एकदम भरून काढायचे."

त्या एका वाक्यात सगळं आलं. त्यांचं पोट बदललं होतं, पण दिवस जुन्या पोटाच्या मापाचाच राहिला होता. दिवसभर उपाशी राहून तीन वाजता भरपाई करायची सोय आता शरीरात उरली नव्हती. मी अजून कुठल्याच सर्जनला विचारताना ऐकलं नाही की "बाई, तुम्ही घरात कितव्या नंबरला जेवता?" विचारायला हवं. आपल्याकडच्या निम्म्या बायकांचा थकवा त्या उत्तरात सापडेल.

आहारतज्ज्ञांनी दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं सांगितली होती. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाल्ल्याशिवाय गाडी तिथवर पोचतच नाही. आणि घासात आधी प्रथिनं, मग भाजी, पोळी-भात जागा उरली तर. शैलाताईंना ताजी मऊ पोळी जातच नव्हती, गोळा होऊन अडकल्यासारखं वाटायचं. बऱ्याच जणांना वाटतं. "साडेतीनशे पोळ्या लाटते आणि एक गिळता येत नाही," म्हणायच्या. त्या तव्यावर फुलक्याचा वरचा पापुद्रा कडक करून तेवढाच चावून चावून खायला शिकल्या.

पाण्याचंही तसंच. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही, आणि एरवी घोट घोट. शेगडीपुढे घाम गाळणाऱ्या बाईला हे अवघड जातं. मुलीने पाण्याच्या बाटलीवर नेलपेंटने वेळा लिहिल्या: 6, 8, 10, 12. ताकाची एक बाटली वेगळी.

पण त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड भाग निघाला तो चव घेणं. वरणाची चव त्या पळीने तळहातावर थेंब घेऊन बघत, ते ठीक होतं. एका सणाला मात्र वीस किलो बासुंदीची ऑर्डर होती. साखर पुरेशी आहे का बघायला एक चमचा, वेलची घातल्यावर एक, आटल्यावर दोन. वीस मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात कळा आल्या, त्या पिठाच्या पोत्यांवर आडव्या झाल्या. मुलीला वाटलं हार्ट अटॅक. याला डम्पिंग म्हणतात: गोड पदार्थ जठरात न रेंगाळता सरळ आतड्यात उतरतो, आतडं पाणी ओढून घेतं आणि शरीर घाबरून उठतं. कधी कधी खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली येऊनही असंच गळून जायला होतं. छातीत धडधड झाली तर ते डम्पिंगच आहे असं आपल्या मनाने ठरवू नये, डॉक्टरांना दाखवावं. त्यांनी दाखवलं, हृदय ठीक होतं.

"बासुंदीची चव आता हाताखालच्या मावशींनी बघायची," असं मी अगदी सहज सुचवलं आणि त्या रडल्या. तोपर्यंत नवऱ्याबद्दल, लग्नातल्या त्या उलटीबद्दल बोलतानाही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. "माझ्या जिभेवर चाललाय हो धंदा. अठरा वर्षं. ती पण देऊन टाकू?"

इथे माझं खरं काम सुरू झालं. पुढच्या तीन-चार भेटी आम्ही त्या जिभेवरच बोललो. आईने चुलीपुढे बसवून चव घ्यायला शिकवलेलं, सासूबाईंनी पहिल्यांदा "मीठ बरोबर आहे" म्हटलेलं. वजनाचा विषयसुद्धा निघाला नाही. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. मावशी चव बघतील आणि ती शब्दांत सांगतील: नुसतं "छान" नाही, तर "गोड आधी लागतंय की दूध आधी?" मावशींना ते शिकवायला दोन महिने लागले.

ऑपरेशनचं लोकांना सांगायचं की नाही, यावर मी कधीच आग्रह धरत नाही. ज्याचं त्याने ठरवावं. पण लपवण्यात किती ताकद जाते ते मी मोजायला सांगते. शैलाताईंनी फक्त मोठ्या जावेला सांगितलं. पुढच्या कार्यात पंगतीत त्यांच्या शेजारी जाऊबाई बसल्या आणि वाढप्याला परस्पर "यांना राहू दे" म्हणत राहिल्या. तेवढ्याने भागलं. गुरुवारचा उपास त्यांनी सोडला नाही, पण साबुदाण्याऐवजी दही, पनीर, दाण्याचं कूट आलं. त्यावर मी वाद घातला नाही.

आता सकाळी आठ, पावणेअकरा, दीड अशा वेळा ठरल्यात. पहिला खाडा झाला तो गिऱ्हाईक दारात असताना. "ते उभे असताना मी बसून खाऊ?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, खा. स्टूल गल्ल्यामागे ठेवलं. आता मुगाचं धिरडं किंवा उकडलेलं अंडं घेऊन त्या तिथे बसतात आणि मावशी बाहेर सांगतात, "ताई जेवतायत, दहा मिनिटं थांबा." सुरुवातीला दोन जण कुरकुरत गेले. परतही आले.

वजन 78 वर अडकलंय. त्यांना ते अजून पाचेक किलो खाली हवंय आणि त्यावरून त्या अधूनमधून चिडतात. नवऱ्याचं आणि त्यांचं बोलणं जमतंच असं नाही. गळलेले केस मात्र पुन्हा येतायत, कपाळावर लव उभी राहते आणि पोळ्या लाटताना ती पिठाने पांढरी होते.

गेल्या महिन्यात फोन आला. सहा महिन्यांचे रिपोर्ट आलेले, हिमोग्लोबिन 12.1. मी सहज विचारलं, बर्फाचे ते चार ट्रे अजून आहेत का?

"आहेत की. त्यात चिंचेचा कोळ गोठवते. आमटीला एक खडा टाकला की झालं."