रात्री नऊला अंथरुणावर पडू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पुता, तुझा मेसेज सकाळी वाचला. पाठवल्याची वेळ पहाटे ३ वाजून १२ मिनिटं. निम्मं दुखणं तिथेच कळलं. बाकीचं या ओळीत होतं: "टीचर, आता मी नऊलाच अंथरुणावर पडतो, म्हणजे निदान पाच-सहा तास तरी पदरात पडतील." त्या ओळीसाठीच आज लिहायला बसले आहे, कारण मीही हेच करत होते. एक-दोन नव्हे, तब्बल नऊ वर्षं.

माझी झोप उडाली ती बाबांच्या आजारपणात. बांबोळीच्या इस्पितळात त्यांच्या खाटेपाशी स्टुलावर बसून रात्री काढल्या. सलाईन संपत आलं की नर्सला हाक मारायची, पुन्हा येऊन बसायचं. त्या दिवसांत झोप न येणं साहजिकच होतं. पण बाबा गेले, वर्षश्राद्ध झालं, तरी रात्री एक वाजता मी टक्क जागी. कारण संपलं होतं, जागरण संपलं नव्हतं. याचा उलगडा मला फार उशिरा झाला. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली तो मांडला होता. काही माणसांची झोप मुळातच सावध असते. त्यात एखादं संकट येतं आणि झोप मोडते. मग गेलेली झोप भरून काढायला आपण जे जे करतो, लवकर आडवं होणं, उजाडल्यावरही लोळत राहणं, रविवारी दहापर्यंत झोपणं, तेच जागरणाला पोसत राहतं. तुझी ती बदलीची भानगड मार्चमध्ये सुरू झाली आणि मिटलीसुद्धा. आता तुला जागं ठेवतंय ते तुझं नऊ वाजता आडवं होणं.

हिशेब कर. नऊ ते सहा म्हणजे नऊ तास. त्यात झोपतोस जेमतेम सव्वापाच तास. उरलेले पावणेचार तास कूस बदलणं, फोन उचलून वेळ बघणं आणि 'आत्ता डोळा लागला तरी चार तास मिळतील' अशी वजाबाकी. रोज पावणेचार तास तू अंथरुणात जागं राहण्याचा सराव करतो आहेस, आणि शरीर ते मन लावून शिकतं आहे. तूच लिहिलंयस ना, की सोप्यावर टीव्हीपुढे मान कलते आणि खोलीत जाऊन दिवा मालवला की डोळे लख्ख उघडतात? तेच हे. तुझ्या शरीराच्या लेखी तो पलंग झोपायची जागा राहिलेला नाही, काळजी करायची जागा झाला आहे.

तू लहान होतास तेव्हाच्या काल्याच्या रात्री आठवतात? देवळासमोर मांडव, पहाटेपर्यंत नाटक, पेटी-तबला कर्ण्यातून घुमतोय, आणि तुम्ही सगळी पोरं पहिल्या रांगेपुढे चटईवर मुटकुळी करून गाढ झोपलेली. ना अंधार, ना शांतता, ना उशी. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं दिवेलागणीलाच पेंगायची आणि त्या रात्री मेल्यासारखी झोपायची. काल जागरण झालं म्हणून कुणी घाबरत नसे. माणूस जितका वेळ जागा असतो तितकी झोपेची ओढ साठत जाते. मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य दिवसभर साचतं आणि झोपेत ते निवळतं. दुसरीकडे शरीराचं आतलं घड्याळ असतं, ते मुख्यतः सकाळच्या उजेडावर लागतं. ओढ पुरेशी साठली आणि घड्याळाची वेळही जुळली की झोप लागते. तू नऊला आडवा होतोस तेव्हा यातलं काहीच तयार नसतं.

आता काय करायचं ते सांगते. ऐकायला उलटं वाटेल.

आधी दोन आठवडे एक वही ठेव. किती वाजता आडवा झालास, अंदाजे किती वाजता डोळा लागला, मध्ये किती वेळ जागा होतास, कधी उठलास, एवढंच. सकाळी उठल्यावर लिहायचं, रात्री घड्याळ बघून नव्हे. हातातलं ते झोप मोजणारं घड्याळ काढून कपाटात ठेव. सकाळी उठून त्यावरचा आकडा बघायचा आणि दिवसभर त्याच्या धाकात राहायचं, हे तुझ्यासाठी विष आहे. मग वहीतली सरासरी काढ. ती सव्वापाच निघाली तर अंथरुणात फक्त साडेपाच तास काढायचे. उठायची वेळ सहा, म्हणजे पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजतो ती. आडवं व्हायचं साडेबाराला. रविवार असो, चतुर्थी असो, रात्र कशीही गेलेली असो, उठायचं सहालाच. आडव्या वेळेपैकी ८५ टक्के वेळ झोपेत जायला लागला, आणि तसं आठवडाभर टिकलं, की पंधरा मिनिटं आधी झोपायला जायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहायचं. पाच तासांच्या खाली मात्र कधीच उतरायचं नाही.

पहिला आठवडा वाईट जातो, खोटं सांगत नाही. मला दुपारी वर्गात फळ्यावरची अक्षरं दोन-दोन दिसायची. म्हणून त्या दिवसांत स्कूटर घरी ठेव, पणजीला कदंबाच्या बसने जा. आणि फिट्स येत असतील, झोपेत चालायची सवय असेल किंवा घरात कुणाला बायपोलरचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नकोस. दुसऱ्या आठवड्यात मला रात्री दहालाच जांभया येऊ लागल्या. साडेबारापर्यंत जागं राहणं हीच शिक्षा वाटू लागली. ज्या बाईला नऊ वर्षं झोप येत नव्हती तिला जागं राहणं जड जात होतं! त्या रात्री मी आनंदाने रडले, ते तुला आजच सांगते आहे.

दुसरी गोष्ट मध्यरात्रीची. ही रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली सांगितली. अंथरुणात झोप लागत नाही असं वाटलं, साधारण वीसेक मिनिटं, अंदाजानेच, की उठायचं. खोलीबाहेर यायचं. मंद दिव्यात काहीतरी संथ करायचं आणि डोळे जड झाले तरच परत जायचं. पुन्हा जाग आली तर पुन्हा उठायचं, रात्रीत चारदा उठावं लागलं तरी चालेल. पलंगावर फोन नाही, लॅपटॉप नाही, हिशेबाची वही नाही.

मी रात्री वाती वळायचे. परसातल्या कापसाची बोंडं डब्यात असायची. सोप्यावर चटई टाकायची, बोंडातून सरकी काढायची, कापूस बोटांनी विंचरून पातळ करायचा. बोरा एवढा पुंजका घेऊन तळहातावर गोल दाबायचा, वरचं टोक चिमटीत धरायचं, बोटांना किंचित दूध लावायचं आणि एक पीळ द्यायचा. फुलवात झाली. दहा-बारा झाल्या की ताटलीत उभ्या मांडायच्या. त्यात डोकं लागत नाही, पण बोटं गुंतलेली राहतात, आणि बोटं गुंतली की मनातला कारखाना हळूहळू मंद होतो. कधी पंचवीस वाती व्हायच्या, कधी शंभर. पुढे पुढे सात-आठ झाल्या की मान खाली यायची. त्या वर्षी त्रिपुरारी पौर्णिमेला देवळात दिलेल्या वाती बहुतेक माझ्या जागरणाच्याच होत्या. तू वाती वळच असं नाही. कुळीथ निवड, जुन्या चाव्या पुसून ठेव. पण पडद्यावरचं काहीही नको.

दुपारच्या झोपेबद्दल लिहायला जीवावर येतं, कारण आपल्याकडे ती जवळजवळ धर्म आहे. एक वाजला की बाजार बंद, हुमण-भात जेवून घरोघर पंखे सुरू. ज्याला रात्री झोप लागते त्याने खुशाल घ्यावी. पण माझी शाळा दीडला सुटायची आणि मी दोन ते चार झोपायचे, म्हणजे रात्रीसाठी साठवलेली ओढ दुपारीच खर्च करायचे. शनिवार-रविवारी तू तेच करतोस. काही महिने बंद ठेव. अगदीच राहवेना तर तीनच्या आत वीस मिनिटं, खुर्चीत.

चहा-कॉफी दुपारनंतर नको. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं. मित्र म्हणतात तसं दोन पेग घेऊनही बघू नकोस, मग ते उर्राक असो की आणखी काही. दारूने डोळा लवकर मिटतो हे खरं, पण उत्तररात्री झोपेचे तुकडे होतात आणि तीनची जाग आणखी पक्की होते. मेच्या उकाड्यात झोपायच्या दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ कर. कातडीकडे रक्त धावतं, आतली उष्णता बाहेर पडते, आणि अंग निवायला लागलं की झोप सोपी जाते. सकाळी उठल्या उठल्या पाव आणायला बाहेर ये आणि अर्धा तास उजेडातच बस.

झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारलंयस. मला एका डॉक्टरने अल्प्राझोलाम नावाची गोळी दिली होती, पंधरा दिवसांसाठी. पुढे एक दुकानदार त्याच जुन्या चिठ्ठीवर मला ती तीन वर्षं देत राहिला, आणि मीही मागत राहिले. अर्ध्याची एक झाली, एकीची दीड. शेवटी शेवटी गोळी घेऊनही जागीच असायचे, आणि नाही घेतली तर हात थरथरायचे. त्या दुकानदाराचा राग अजून गेलेला नाही. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिली तर घे, त्यात कमीपणा नाही. पण आधीच चालू असेल तर एका रात्रीत तोडू नकोस, त्याने अपाय होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करायची. वर लिहिलेली पद्धत ही काही माझी घरगुती युक्ती नव्हे. दीर्घकाळच्या निद्रानाशावर आधी हीच वर्तनाची उपचारपद्धती वापरावी असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं आहे, गोळ्या त्यानंतर.

आणि एकदा तपासून घे. घोरतोस का, झोपेत श्वास अडकतो का, हे तुझ्या भावाला विचार. झोपताना पायांत वळवळ होऊन ते हलवावेसे वाटत असतील तर रक्तातलं लोह बघायला सांग. थायरॉइडही बघ. मन सतत खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, तर बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे मनाच्या आजारांच्या सरकारी इस्पितळात जा. तिकडे पाऊल टाकलं की वेडा ठरतो, ही आपल्या लोकांची समजूत मी लहानपणापासून ऐकते आहे. या समजुतीपायी माझी स्वतःची चार वर्षं वाया गेली. जगणं नकोसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आधारासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, तेव्हा मात्र माझ्या सकाळची वाट बघू नकोस.

एक काम आईकडे. रोज सकाळी ती विचारते, "झोप लागली रे?" मायेनेच विचारते. पण त्या प्रश्नामुळे तुझी रात्र परीक्षेची होते आणि सकाळी निकाल लागतो. तिला सांग, दोन महिने हे विचारू नकोस, चहा दे फक्त. माझ्या आईला मी हे सांगायला धजले नाही, आणि त्याची हळहळ आजही वाटते.

तू रोज पणजीत मांडवीच्या काठी आबे फारियाच्या पुतळ्यासमोरून जातोस. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये लोकांना संमोहित करायचा. त्या काळी सगळे म्हणत, प्रयोग करणाऱ्याच्या हातातून काही अदृश्य प्रवाह निघतो. फारिया म्हणाला, तसं काही नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्याच मनातून. संमोहन म्हणजे रात्रीची झोप नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी त्या निद्रानाशाच्या वर्षांत मी त्या पुतळ्यापाशी थांबायचे. गोळी, तेल, दुधात जायफळ, मंत्र, सगळं करून झालं होतं. बाहेरून कुणी झोप आणून देणार नाही, हे मला तिथे उभं राहून पटलं.

वही आजच विकत घे. पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी घेऊन ये, आपण दोघं बसून सरासरी काढू. मध्ये एखादी रात्र फार वाईट गेली तर मला जरूर लिही, पण सकाळी सहानंतर, पाव आणून झाल्यावर. रात्री फोन स्वयंपाकघरात राहू दे.

तुझी,
टीचर