कुंदगोळच्या स्टेशनपर्यंत

बाळ,

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला बघितला, उत्तर टाईप कराय बसलो आणि तसाच झोपी गेलो, म्हणून आज सकाळी चहा घेऊन नीट लिहितोय. कॉलेजच्या गॅदरिंगला विषय दिलाय, टाइम मशीन मिळालं तर संगीताच्या कुठल्या काळात जाशील, आणि तू संयुक्त मानापमान निवडलंस, म्हणजे दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेला 'मानापमान' नाटकाचा तो प्रयोग. निवड वाईट नाही गं, पण खरं सांगू काय, ती तुझी नाही. ती आम्ही म्हाताऱ्यांनी तुमच्या डोक्यात भरलेली. आपल्या बेळगावात, शहापुरात नाहीतर टिळकवाडीत, कुठल्याही कट्ट्यावर जाऊन विचार, डोळे मिटून तेच सांगतील. त्यातल्या एकानंही ते बघितलेलं नाही. मी पण नाही.

बरं, धर की गेलीस. तारीख ८ जुलै १९२१, मुंबई, भर पावसाळा. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर, दोन कंपन्या एका स्टेजवर, कारण टिळक स्वराज्य फंड. माईक नाही हं. तुझी खुर्ची मागं असली तर त्या माणसाचा गळाच तिथपर्यंत पोचाय पाहिजे, म्हणून तर तेव्हाचे लोक एवढ्या उंच पट्टीत गायचे, हौस म्हणून नव्हे. आणि त्या थेटरात एकट्या तुला माहीत असणार की हे केशवराव ४ ऑक्टोबरला जाणार, तीन महिने पण पुरे नाहीत, वय एकतीस. शेजारचे वन्समोअर म्हणून ओरडतायत आणि तू त्यांच्या तोंडाकडं बघत बसलीस. गाणं ऐकू येईल तुला? मला तर आलं नसतं.

काळ निवडताना मी एकच बघतो, तिथं मला बसाय कुठं मिळणार. तुझ्या बाबतीत तर हे आधी बघाय पाहिजे, कारण तू मुलगी आहेस आणि तुला गायचंय. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, मलप्रभेकाठच्या गुर्लहोसूरचे, त्यांचं शाकुंतल पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला उभं राहिलं, मराठी संगीत नाटकाचा पाया तोच. जाऊन बघायला मजा येईल. पण शकुंतला पण पुरुषच, तिच्या सख्या पण पुरुषच. तुला तिथं कोण पद म्हणाय देणार? चांगल्या घरच्या पोरीनं गायचं नाही असा तो काळ, आणि ज्या गायच्या त्यांना लोक काय काय नावं ठेवायचे ते मी इथं लिहीत नाही.

गावातलंच पाहिजे असेल तर डिसेंबर १९२४ घे. काँग्रेसचं बेळगाव अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष, त्यांनी अध्यक्षपद घेतलेलं ते एकच अधिवेशन. तू रोज स्कूटीवरनं ज्या काँग्रेस विहिरीवरनं जातेस ती तेव्हाचीच. तिथं गायलेल्या पोरींमध्ये अकरा वर्षांच्या गंगूबाई होत्या, पुढच्या गंगूबाई हनगल. आता आपल्याला वाटतं, केवढं भाग्य, गांधीजींसमोर गाणं! पण पुढं त्यांनी स्वतःच सांगितलं की तेव्हा डोक्यात एकच भीती होती, जेवणं झाल्यावर जातीमुळं आपल्याला खरकटं काढाय लावतील काय. हे वाचल्यापासून मला कुठल्याही काळाला सुवर्णकाळ म्हणताना जरा अडखळायला होतं.

तू म्हणशील, मामा सगळीकडं खोटच काढतोय. तसं नाही गं. माझं स्वतःचं ऐक. मल्लिकार्जुन मन्सूरांची मैफल होती धारवाडला, मी तेव्हा तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. भिंतीला टेकून बसलो होतो. मन्सूरअण्णांनी राग सुरू केला, कुठला ते कळेना, आमच्या पेटीवाल्यांची खोड अशी की आधी राग ओळखायचा आणि मग ऐकायचं, तर मी मनात पट्ट्या दाबत बसलो, हा शुद्ध की कोमल, हा कोमल की शुद्ध. तेवढ्यात शेजारी बसलेल्या मित्रानं मनगट दाखवलं. बेळगावची शेवटची बस. उठलो. चपला शोधताना आतनं तान ऐकू आली आणि खोलीभर लोकांच्या तोंडनं एकदम 'आहा' निघालं. काय घेतलं त्यांनी, मला माहीत नाही. म्हणजे बघ, मी त्या काळात होतो, मशीनबिशीन काही न लावता फुकटात होतो, आणि बससाठी उठून आलो.

आता रेकॉर्डचं. आमच्या घरी वडिलांचा चावीचा ग्रामोफोन होता. पोलादी सुई, एक बाजू वाजली की सुई बदलायची, न बदलता लावली तर वडील हातावर मारायचे, कारण बोथट सुई खाच खाते. अब्दुल करीम खाँसाहेबांची एक तबकडी अशीच आम्ही भावंडांनी खाऊन टाकली, शेवटी एका जागी सुई अडकायची आणि खाँसाहेब तोच सूर म्हणत राहायचे, आम्ही हसायचो. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तासभर उलगडणारा राग त्यात कोंबायचा. तेवढ्यावर त्या आवाजानं वेड लावलं हे पण खरं, भीमसेन जोशी अकरा वर्षांचे असताना, १९३३ साली, खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकूनच गुरू शोधाय घरातनं पळाले. पण ती साडेतीन मिनिटं तुझ्या मोबाईलवर आहेत की! त्यासाठी मशीनचं पेट्रोल कशाला जाळायचं?

मी असतो तर जिथं रेकॉर्डिंगवाला कधी गेलाच नाही तिथं गेलो असतो. आणि मला ती जागा माहीत आहे. कुंदगोळ.

हुबळीपासून जवळच. सवाई गंधर्व तिथले, खाँसाहेबांचे शिष्य, मराठी स्टेज गाजवून परत गावी येऊन राहिलेले. साल धर १९३८ च्या आसपास. गंगूबाई तेव्हा संसारी बाई, हुबळीहून रेल्वेनं शिकाय यायच्या. गुरुजींची तालीम म्हणजे एकच जागा, सुरांचा एक तुकडा, परत परत घोटून घ्यायची, पुढची मागितली तरी द्यायची नाही. आणि घरात हा गदगचा पोरगा, भीमसेन, पाणी भरणारा, पडेल ते काम करणारा, कधी शिकाय मिळायचं कधी नाही. संध्याकाळी गंगूबाईंना स्टेशनवर पोचवाय तो जायचा आणि वाटेत विचारायचा, आज तुम्हाला काय सांगितलं गुरुजींनी?

मला ती वाट पाहिजे. स्टेज नको, बैठक नको. दमलेली बाई, तिला घरी जाऊन पोरांना जेवाय घालायचंय, आणि बरोबर चालणारा भुकेला पोरगा, आणि ती चालता चालता त्याला हळू आवाजात ती जागा म्हणून दाखवतेय. तंबोरा नाही, तबला नाही. दोघांचं बोलणं कानडीत, ते तुला समजेल की, रविवार पेठेत घासाघीस करतेस त्यापेक्षा सोपंच असणार. तू चार पावलं मागनं चाल. तिथं तुला कोण पास विचारणार नाही, मुलगी म्हणून कोण मागं बसवणार नाही, रस्ता सगळ्यांचा.

तू हेच घे असं मी म्हणत नाही, हे माझं झालं. तुझं तू शोध. तुझी आजी दळताना म्हणायची त्या ओव्या कोणी टिपल्या काय? नाहीतर मिरजेला जा, तिथले तंबोरे करणारे शिकलगार म्हणजे मूळ हत्यारं करणारे हात, पहिल्यांदा भोपळ्याला तार लावली तो दिवस बघ, ते पण चालेल. फक्त भाषणात 'ते दिवस आता येणार नाहीत' हे वाक्य नको, परीक्षक तिथंच पेन खाली ठेवतात. आणि नावांची यादी वाचू नकोस, पाच मिनिटांत एकच माणूस धर, तो काय करत होता तेवढं दाखव.

रविवारी येतेस ना? तंबोरा घेऊन ये. खर्जाची तार परवा बोलत नव्हती, जवारीचा, म्हणजे तारेखालचा, दोरा घसरलाय, तो नखानं केसभर सरकवायचा असतो, जास्त नाही, मग घोडीवर तार एकदम उघडते. मी करून देणार नाही, तुझ्याकडनं करून घेणार. आणि येताना कुंदा आण, मागच्या वेळचा लई गोड होता, जरा जास्त भाजलेला बघ.

तुझा,
पेटीमामा