पावसाळ्यात तळ्याकाठी तंबूत राहताना डास चावू नयेत म्हणून अंगाला काय लावावं?

२० टक्के पिकारिडिन किंवा २० ते ३० टक्के डीईईटी (दोन्ही डास दूर ठेवणारी रसायनं) असलेलं मलम वा स्प्रे लावा. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की हे. डीईईटीने गॉगल आणि घड्याळाचा प्लॅस्टिक पट्टा खराब होतो, म्हणून पिकारिडिन मिळालं तर उत्तम. डास श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि घामाचा वास हुंगत येतो, आणि लावायची राहिलेली बोटभर जागाही त्याला बरोबर सापडते: घोटा, कानामागे, मोज्याच्या काठावर. घट्ट लेगिंग्जमधूनही सोंड आत जाते. ढगळ फुल पँट बरी. सिट्रोनेला तेल फार वेळ टिकत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसाढवळ्या चावतो, तेव्हा संध्याकाळची वाट पाहू नका. मात्र दोन महिन्यांखालच्या बाळाला यातलं काहीच नको, फक्त मच्छरदाणी.