बुडबुडा तर फुंकरीनेही फुटतो, मग त्याने पंपाच्या लोखंडाला खड्डे कसे पडतात?

सोलापुरात पंपदुरुस्ती करतो, त्यामुळे असे खड्डे पडलेले इम्पेलर, म्हणजे पंपातली फिरती पात्यांची चाकं, उन्हाळ्यात हातात येतातच. उजनी धरणाचं पाणी उतरलं की काठावरचे शेतकरी मोटार जागेवरच ठेवून सक्शनला, म्हणजे पाणी ओढायच्या बाजूला, पाइप जोडत जातात. एकाने बिडाचा इम्पेलर टेबलावर ठेवला, "वाळूनं खाल्लाय बघा." म्हटलं, दादा, वाळू घासून गुळगुळीत करते, हा तर वाळवी लागल्यागत झालाय.

हे बुडबुडे हवेचे नसतात, वाफेचे असतात. गार पाण्यात वाफ कुठली, असं सगळेच विचारतात. पण दाब पुरेसा उतरला की पाणी 30 अंशांवरही उकळतं. फार खोलून ओढायला लागलं की इम्पेलरच्या तोंडाशी तेच होतं. पुढे पात्यांवर दाब चढतो, वाफेचं क्षणात पाणी होतं आणि बुडबुडा मिटतो. म्हणून खड्डे बुडबुडा जन्मतो तिथे नाही, थोडे पुढे पडतात.

मोकळ्या पाण्यात तो चहूबाजूंनी सारखा मिटतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1917 साली त्याचं गणित मांडलं. धातूला लागून असला की त्या बाजूने पाण्याला आत धावायला वाटच नसते. पलीकडची बाजू आधी खचते आणि पाण्याची बारीक धार बुडबुड्यातून आरपार जाऊन धातूवर आदळते. प्लेसेट आणि चॅपमन या संशोधकांनी 1971 मध्ये संगणकावर हिशोब केला, तेव्हा साध्या हवेच्या दाबाखाली तिचा वेग सेकंदाला सुमारे 130 मीटर आला! शेवटी धक्क्याची लाट निघते ती वेगळीच. एका फटक्याने काही होत नाही. तिथेच लाखो बसले की धातू थकतो, तडकतो, कण सुटतात. वरचा थर उडाल्याने गंजही नव्याने चढतो.

पंपात खडी फिरल्यासारखा आवाज आला की समजा. आमच्याकडे उन्हाला दोष देतात, पण पाणी 20 चं 30 अंश झालं तरी ओढण्याच्या उंचीत फरक जेमतेम वीतभर. मोटार पाण्याजवळ न्या, सक्शनचा पाइप मोठा घ्या, पाण्यातल्या टोकाच्या फूटव्हॉल्व्हची जाळी साफ ठेवा. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र कधी आवळू नका. आवळायचाच तर डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर जातं त्या बाजूचा, थोडासा.

त्या दादांनी मोटार आठ फूट खाली नेली, खडखड थांबली. वाळूवरचा राग अजून आहे.