चेनसॉवरचं ते बटण: ठेवायचं की काढून बोल्ट मारायचा?

प्रश्न: नमस्कार. दापोली तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे. यंदा ७० सीसीची सेकंडहँड चेनसॉ घेतली. तिच्या सिलिंडरवर एक छोटं बटण आहे, विकणारा म्हणाला हे दाबायचं आणि मग दोरी ओढायची. दोरी हलकी होते हे खरं, पण कधीकधी एकदा फट करून आवाज येतो आणि मग दहा वेळा ओढली तरी चालू होत नाही. बाबा म्हणतात बटणाला हातच लावू नको. गावातला मेकॅनिक म्हणतो काढून टाकतो आणि बोल्ट मारतो, कटकटच नको. काय करू?

उत्तर: आधी बोल्ट मारू नका, एवढं पक्कं. आता सविस्तर सांगतो कारण हा प्रश्न माझ्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी येतो.

ते बटण म्हणजे डीकॉम्प वॉल्व, म्हणजे सिलिंडरमधला दाब कमी करणारी झडप. ज्यांनी जुनी बुलेट चालवलीय त्यांना हँडलवरचा तो छोटा लिव्हर आठवत असेल, आणि विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनला तर आपण लिव्हर उचलून हँडल मारायचो आणि चाकाला गती आली की लिव्हर पाडायचो. काम तेच. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली थोडी हवा त्या बारीक भोकातून बाहेर जाते म्हणून दोरीला जोर कमी लागतो. फरक इतकाच की चेनसॉचं बटण तुम्हाला परत उचलावं लागत नाही, आत पहिला स्फोट झाला की त्या दाबानं ते आपोआप टुणकन वर येतं.

आणि तुमची सगळी गडबड इथेच आहे. गार मशीनला चोक ओढून, बटण दाबून तुम्ही दोरी मारता, एकदा फट होतं. त्या फटमध्ये बटण वर आलेलं असतं! आता चोक आत ढकलायचा आणि बटण परत दाबायचं, मग दोरी ओढायची. तुम्ही बहुतेक बटण एकदाच दाबताय, त्यामुळे पुढचे दहा हिसके सगळे पूर्ण कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेच्या पूर्ण दाबावर, हात लवकर थकतो, दोरी जोरात ओढली जात नाही, त्यात चोक तसाच राहिला असेल तर स्पार्क प्लग पेट्रोलनं ओला होतो आणि मग मशीन खराब आहे असं वाटायला लागतं. मशीन खराब नसते हो. फट झालं की चोक आत, बटण खाली, हे दोन्ही एकदम करायची सवय लावा.

बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही. बटण दाबलेलं असताना हवेबरोबर थोडं पेट्रोलही त्या भोकातून बाहेर जातं, म्हणून काही मशीनला गार असताना एखाद-दुसरा हिसका जास्त लागतो. पण ७० सीसीला बटण न दाबता रोज ओढत राहणं खांद्याला आणि स्टार्टरला दोघांना महाग पडतं. चांगल्या मशीनचं कॉम्प्रेशन १५० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आसपास किंवा वर असतं, पिस्टन मधेच अडून उलटा फिरला की दोरी हातातून हिसडा मारून आत जाते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागात रस्ते, घरं, वाड्या सगळीकडे झाडं आडवी होती, नारळ-सुपारीच्या बागा झोपलेल्या. त्या दिवसांत माझ्याकडची मोठी मशीन दिवसातून पन्नास-साठ वेळा बंद-चालू व्हायची, कारण दोन ओंडके कापले की थांबून बाजूला ओढायचे, परत चालू. तिसऱ्या दिवशी घाईत बटण विसरलो आणि दोरीनं असा झटका दिला की उजव्या हाताचं मधलं बोट दोन आठवडे मिटत नव्हतं. स्टार्टरच्या आतलं कुत्रं, म्हणजे दोरी ओढली की इंजिनला पकडणारी छोटी खिटी, ती पण तुटली त्याच वेळी, आणि तेव्हा ती आणायला दुकान तरी कुठं उघडं होतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, साठ सीसीच्या वरच्या मशीनला हे बटण हवंच.

आता त्रास देतं का? देतं, पण कधी, तर आत कार्बन धरला की. वॉल्व नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळायला लागतं, मशीन चालते पण ओंडक्यात घातली की दम सोडते. ओळखायचं कसं ते सांगतो. मशीन पूर्ण गार करा, स्विच बंद करा, बटण वर आलेलं आहे ना बघा आणि त्याच्या भोवती साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडा, मग दोरी हळू ओढा. बुडबुडे आले तर गळतंय. बटणाभोवती काळा तेलकट डाग असेल तरी तेच. बुडबुडे नाहीत तर बटणाला दोष देऊ नका, दुसरीकडे शोधा.

गळत असेल तर आधी साफ करून बघा. भोवतीचा भुसा हवेनं उडवून टाकायचा, नाहीतर वॉल्व काढल्यावर तो सरळ सिलिंडरमध्ये पडेल. पान्यानं काढा, कार्बोरेटर क्लीनरमध्ये बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा. बसवताना जीव खाऊन आवळू नका, सिलिंडर ॲल्युमिनियमचा आहे, आटे गेले की बटणाच्या किमतीत भागत नाही. साफ करूनही गळलं तर नवीन वॉल्व टाका. आणि कार्बन मुळात का धरतो ते पण बघा, बरेच जण अंदाजानं ऑइल ओततात. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल आणि कंपनीनं १:५० सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, मापानं. "थोडं जास्त असलेलं बरं" करत गेलं की तेच ऑइल काजळी होऊन वॉल्ववर बसतं.

मेकॅनिकच्या बोल्टबद्दल. वॉल्व काढून भोक बंद करणारे लोक आहेत, त्यासाठी तयार प्लग (भोकाचं बूच, स्पार्क प्लग नव्हे) मिळतो आणि मशीन त्यावर व्यवस्थित चालते. माझी हरकत हाताशी येईल तो बोल्ट मारण्याला आहे. तो वॉल्वपेक्षा दोन आटे जरी लांब असला तरी आत डोकावतो आणि पिस्टन त्याच्यावर आपटतो. असा एक पिस्टन मी हातात घेऊन बघितलाय, डोक्यावर गोल खड्डा, पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, आणि सिलिंडरसकट सगळं बदलावं लागलं. नवीन वॉल्व मिळेपर्यंत बंदच करायचं असेल तर योग्य मापाचा प्लगच वापरा.

प्रश्न: आमच्याकडे छोटी मशीन आहे, ३२ सीसीच्या आसपास. मिस्टर मुंबईला असतात, जळणाची लाकडं मीच कापते. तिला बटण नाही आणि ओढून मनगट दुखतं. बसवून घेता येईल का?

उत्तर: ताई, नको. त्यासाठी सिलिंडरला भोक पाडावं लागेल, ते गावठी कामाचं नाही. एवढ्या मशीनला कंपन्या बटण देत नाहीत कारण पिस्टन लहान, जोर कमी लागतो. तुमचं मनगट बहुतेक ओढायच्या पद्धतीमुळे दुखतंय. मशीन हातात लटकवून कधी चालू करू नका. जमिनीवर ठेवा, चेनब्रेक (चेन फिरू न देणारा ब्रेक) लावा, उजव्या पायाचं टोक मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर सरळ. दोरी आधी हळू ओढा, कुठंतरी अडल्यासारखं लागेल, तिथं पिस्टन वर आलाय. तेवढं हळूच पार करा, दोरी आत जाऊ द्या, मग एक सरळ झटका, मनगटानं नाही, खांद्यापासून. पुढं कधी नवीन मशीन घ्याल तेव्हा हँडलमध्ये स्प्रिंग असलेला स्टार्टर मागा, हिसका हाताला लागत नाही. आणि दोरी पूर्ण टोकापर्यंत खेचू नका, सोडताना पण हातानंच आत जाऊ द्या, तशीच सोडली तर आतली स्प्रिंग लवकर जाते.