२५ हजारांत गाणं देऊन टाकू का?

प्रश्न : मी कोल्हापूरची, वय २६. मैत्रिणीच्या कवितेला चाल लावली, स्वतःच गायले आणि एका मित्राच्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड केलं. एक म्युझिक कंपनी त्याचे २५ हजार द्यायला तयार आहे. करारात ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभरासाठी’ असं लिहिलंय. घरचे म्हणतात, दारात आलेली लक्ष्मी परत पाठवू नकोस. काय करू?

उत्तर : आधी हे बघ, की ते २५ हजार नक्की कशाकशाचे देतायत. तुझ्या गाण्यात शब्द मैत्रिणीचे, चाल तुझी, आणि रेकॉर्डिंग ही तिसरीच गोष्ट. गायिका म्हणून तुझा हक्क आणखी वेगळा. एवढ्या सगळ्यांचं पाकीट एकच, आणि त्यावर तुझी एकटीची सही पुरेल असं कंपनीला वाटतंय. नाही पुरणार. शब्दांसाठी मैत्रिणीची सही हवीच. रेकॉर्डिंगचा मालक म्हणजे ज्यानं पुढाकार घेऊन ते करवून घेतलं तो. मित्रानं स्टुडिओचं भाडं ‘असू दे गं’ म्हणून सोडलं असेल, तर त्याच्याकडून आजच दोन ओळी लिहून घे. गाणं चाललं, की भल्याभल्यांची स्मरणशक्ती बदलते.

आता रॉयल्टी, म्हणजे गाणं पुढं जिथं जिथं वाजेल तिथला वाटा. आम्ही स्टुडिओत वाजवायचो तेव्हा टेक ओके झाला की व्हाउचरवर सही, हातात पाकीट आणि पळत लोकल पकडायची. पुढं ते गाणं कुठं वाजतंय याच्याशी आमचा संबंध संपला. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचं चित्र बदललं. त्यांचा रॉयल्टीतला वाटा आता वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (कलाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला) सोडून दुसऱ्या कुणाला देताच येत नाही. ‘यापुढे रॉयल्टी मागणार नाही’ असं तू लिहून दिलंस, तरी त्या ओळीला अर्थ नाही.

पण कायदा काही घरी मनीऑर्डर पाठवत नाही. तुम्ही दोघींनी आयपीआरएसचं (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं) सभासदत्व घ्यायला हवं. २०१७ साली कॉपीराइट सोसायटी म्हणून तिची नव्यानं नोंदणी झाली. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी ती गोळा करते. सभासद होऊन थांबू नका, प्रत्येक गाणं वेगळं नोंदवा. वाटे टक्क्यांत लिहा, आणि मैत्री आहे तोवरच लिहा.

करारातलं ‘कायमस्वरूपी’ खोडून ‘पाच वर्षं’ कर. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तर हे दोन शब्द लिहायला कंपन्या कधी विसरत नाहीत! चालीवरचा हक्क संगीतकाराच्या पश्चातही ६० वर्षं टिकतो. म्हणजे तू विकायला निघालीस त्यातला बराच भाग तुझ्या नातवंडांचा आहे.

कंपनी अडून बसली, तर विचार : व्हिडिओचा खर्च कुणाचा? जाहिरात किती करणार? गाणं कोणत्या तारखेला येणार? नुसतं त्यांच्या चॅनलवर चढवणार असतील, तर डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, ते तू घरबसल्या करशील. घरच्यांना सांग, लक्ष्मीला पाट मांडू. सातबारा तिच्या नावावर करायला नको.

प्रश्न : मुलगा तबल्यात विशारद आहे, पुण्यात आयटीत नोकरी करतो. नोकरी सोडून पूर्णवेळ वाजवतो म्हणतो. पोट भरेल का? – एक वडील, नांदेड

उत्तर : भरेल, पण नुसत्या मैफलींवर नाही. साथीदाराचं वर्ष कसं असतं ते बघा. आषाढीला अभंगवाणी, पाठोपाठ गुरुपौर्णिमा. मग गणपती, नवरात्र. दिवाळी पहाटेला चार ठिकाणांहून फोन येतात आणि माणूस एकाच ठिकाणी पोचू शकतो. थंडीत संगीत महोत्सव. त्यानंतर उन्हाळ्यात फोन वाजेनासा होतो, घरभाडं मात्र चालूच.

ते भाडं शिकवण्या देतात. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं ऑनलाइन शिकतात. तिथली संध्याकाळ ही आपली सकाळ, त्यामुळे कार्यक्रमांच्या आड येत नाही. आणखी एक काम तरुण तबलजींना कमीपणाचं वाटतं : कथकच्या क्लासला साथ. पुण्यात असे क्लास भरपूर आहेत. तेच तेच तुकडे रोज वाजवावे लागतात हे खरं, पण मानधन महिन्याच्या महिन्याला येतं आणि लय अशी पक्की होते, की पुढं कुणाही गायकासमोर हात डगमगत नाही. मला विचाराल तर पहिल्या वर्षी त्यानं हेच करावं.

नोकरी लगेच सोडू देऊ नका. वर्षभर वही ठेवायला सांगा : कुणी बोलावलं, किती ठरलं, किती मिळालं, कधी मिळालं. ‘कधी’चा रकाना वाचून तुम्हाला धडकी भरेल. पण त्याच वहीत तीच नावं पुन्हा पुन्हा दिसायला लागली, तर मुलाचं जमतंय असं समजा.

कराचं थोडक्यात. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. सुगम संगीताला ही सूट नाही. मात्र वर्षाची एकूण कमाई २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीच लागत नाही. मोठे आयोजक दहा टक्के टीडीएस कापतात. विवरणपत्र भरलं तर जादा कापलेला कर परत मिळतो. आमचे निम्मेअधिक वादक ते भरत नाहीत आणि वर सरकारच्या नावानं बोटं मोडतात.

प्रश्न : माझंच गाणं माझ्याच यूट्यूब चॅनलवर टाकलं, तर कॉपीराइटचा दावा आला! – एक वाचक, चिपळूण

उत्तर : दाव्यात नाव कुणाचं आहे ते वाच. बहुतेक तुझ्याच डिस्ट्रिब्युटरचं असेल. गाणं देताना तू कंटेंट आयडीच्या (गाण्याची नक्कल आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेच्या) चौकोनात टिक केली असशील, म्हणून ती यंत्रणा तुलाही चोर समजतेय. डिस्ट्रिब्युटरला चॅनलची लिंक पाठव आणि तुझं चॅनल वगळायला सांग. नाव परक्याचं असेल, तर ढोलकीचा लूप, म्हणजे तयार रेकॉर्ड केलेला ठेका, ऑनलाइन साउंड लायब्ररीतून घेतला होतास का ते आठव. तोच लूप वापरलेलं दुसऱ्या कुणाचं गाणं कंटेंट आयडीत गेलेलं असू शकतं. लायसन्सचा तपशील देऊन हरकत नोंदव. आणि पुढच्या गाण्याला सरळ ढोलकीवाल्याला बोलाव. चिपळुणात ढोलकीवाल्यांची काय वाण आहे?